ज्येष्ठांचा ओटीपी

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील नागरिकांना कोरोनाची लस मिळू लागली. त्याच सुमारास बेंगळुरूतील आमच्या शाखेत एक वयोवृद्ध मराठी खातेदार आले. 'को-विन'वरील नोंदणीसाठी शेजारच्या मुलाने ओटीपी मागितला, तो त्यांनी दिला नाही. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हा धडा आम्हीच दिलेला! त्यांची सावधगिरी रास्तच होती. केंद्रावर थेट जाऊनही नोंदणी होत असे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझ्या मते, निषेधाच्या सूचनेसोबत मार्गही सांगणे हे आपले कर्तव्य आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले. आपल्या किती ज्येष्ठ खातेदारांना ते आपण आपणहून कळविले?