रोग चुनखडीचा, इलाज युरियाचा!



पिशोर परिसरात दारापुढच्या डब्यातला मोगरा किंवा लिंबू पिवळा पडला की घरात म्हणतात, पाणी कमी पडले. वावरातली आद्रक पिवळी पडली की दुकानदार म्हणतो, युरिया टाका. दोन्ही ठिकाणी खर्च होतो, रोग मात्र तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत आहे.

आधी पान नीट बघायला शिकले पाहिजे. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची उणीव. आद्रकीचे पिवळे खोड ओढताच सहज निघून आले आणि बुडाला घाण वास आला तर ती कंदकूज. तिचा इलाज वेगळा. तीन रोगांना एकच गोणी लागू पडत नसते.

आता कोणी म्हणेल, आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, त्यात लोहाला काय तोटा? तोटा नाहीच. लोह भरपूर आहे, पण ते कुलपात आहे आणि त्या कुलपाचे नाव सामू. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. सामू एका अंकाने चढला की विम्लता दहापट वाढते आणि विरघळलेले लोह सुमारे हजारपट घटते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो, शिवाय पोटात चुनखडी. आद्रकीला हवा सहा ते सात. भांडण इथे आहे.

आणि सल्ला काय मिळतो? 'माती आंबट झाली, कुंडीत चुना घाला.' हा सल्ला कोकणातल्या जांभ्या मातीचा आहे. तिथे धो धो पावसाने चुना वाहून जातो, माती आम्ल होते, तिथे चुना औषध आहे. आपल्याकडे तो दुष्काळात तेरावा महिना. चुलीची राख आणि अंड्याची टरफलेही त्याच जातीची. कुंडीत ती घालणे बंद करा.

जमिनीत चुनखडी आहे का, हे घरी कळते. कोरड्या ढेकळावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. बुडबुडे आले, फसफसले, तर चुनखडी आहे. याला पैसा लागत नाही.

कुंडीचा दुसरा वैरी म्हणजे बोअरचे पाणी. लिटरला ४०० मिलिग्रॅम चुन्याइतकी विम्लता असलेले पाणी धरा. कुंडीला रोज एक लिटर घातले तर वर्षाकाठी जवळपास दीडशे ग्रॅम चुना आपणच तिच्या पोटात घालतो. कुंडीच्या काठावर बसणारा पांढरा थर हा त्याचा पंचनामा आहे. पावसाळ्यात तीच झाडे हिरवी होतात यात चमत्कार नाही. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते आणि त्यात चुना नसतो. पत्र्याचे पाणी टाकीत धरा, ते रोपांना राखून ठेवा.

आता हिशेब करू. एकरातली वरची सहा इंच माती सुमारे नऊ लाख किलो. तिच्यात पाच टक्के चुनखडी असेल तर ती झाली ४५ हजार किलो. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुनखडी मारते. म्हणजे एकरी चौदा-साडेचौदा टन गंधक! म्हणून दोन गोण्यांत शेताचा सामू उतरवून देतो असे सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवा. जिप्सम हे सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीचे औषध आहे, चुनखडीचे नव्हे.

शेताची माती बदलता येत नाही, कुंडीची आणि रोपाच्या पिशवीची येते. धरणाचा नुसता गाळ पिशवीत भरू नका. तो चिकट असतो, पाणी धरून ठेवतो आणि पाणी साचले की केवडा बळावतो. लिंबाने न फसफसणारी माती एक भाग, मुरलेले शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग घ्या आणि पिशवीच्या तळाला भोके ठेवा. दहा किलोच्या कुंडीला पाच ग्रॅम गंधकाची भुकटी मिसळा. जमिनीतले जिवाणू तिचे आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. ताक किंवा लिंबू ओतून काम होत नाही. ती आंबटाई चुनखडी दोन दिवसांत खाऊन टाकते.

शेतात करायचे ते असे. गादीवाफा, पाण्याचा निचरा, भरपूर सेंद्रिय खत. नत्र द्यायचेच तर अमोनियम सल्फेटमधून द्या. केवड्यावर हिराकस ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व १ ग्रॅम एक लिटर पाण्यात घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. आधी चार झाडांवर बघा, मग सगळीकडे. तोच हिराकस चुनखडीच्या जमिनीत टाकला तर त्याचा गंज होतो आणि पैसा मातीत जातो. चिलेटेड लोह घेताना डबा वाचा. ईडीटीए फवारणीला चालते, चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए लागते. दोन्हींच्या भावात मोठे अंतर आहे. गिऱ्हाईक वाचत नाही, यावरच धंदा चालतो.

हे ज्ञान सरकारकडे नाही काय? आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सूरतगडला मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ रकाने आहेत, सामू आहे, लोहही आहे. पण मुक्त चुनखडीचा रकाना नाही. शिवाय नमुना घ्यायची आखणी अशी केली गेली की बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. आमच्यातल्या बहुतेकांचे रान त्याहून लहान. म्हणजे पत्रिकेवर नाव आमचे आणि माती शेजाऱ्याची! शेजाऱ्याचे रक्त तपासून आम्हाला गोळ्या देणारा डॉक्टर आम्ही गावात ठेवला असता काय?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या आहेत. प्रत्येक गटाच्या मातीचा स्वतंत्र नमुना घ्या. पत्रिकेत मुक्त चुनखडी लिहा. मातीबरोबर विहिरी-बोअरचे पाणी तपासा. लोह कोणत्या प्रकारचे आणि ते जमिनीतून द्यायचे की फवारायचे, हे डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत छापा.

मागणी करणाऱ्याच्या हातात पुरावाही हवा. प्रत्येक गावाने चार कुंड्या भराव्यात. गावची माती आणि बोअरचे पाणी, गावची माती आणि पावसाचे पाणी, वर सांगितलेले मिश्रण आणि बोअरचे पाणी, तेच मिश्रण आणि पावसाचे पाणी. चारीत एकाच दिवशी एकच रोप लावा, साठ दिवस नोंद ठेवा आणि कुंड्या बैठकीला घेऊन या. साहेबांच्या टेबलावर निवेदनाच्या शेजारी त्या मांडू. कागद फायलीत जातो. पिवळे रोप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.