झोपेची गोळी मागण्याआधी शेजाऱ्याची बेल वाजवा

मार्च संपत आला की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, रात्री झोपच लागत नाही. एखादी हलकीशी गोळी द्या." मग मी चहा किती घेता, मोबाईल किती वाजेपर्यंत बघता, घरात काही टेन्शन आहे का, हे सगळं विचारतो. बऱ्याचदा सगळ्यात शेवटी, जरा संकोचून खरं उत्तर येतं. "शेजारच्यांनी नवीन एसी बसवलाय. त्याचं बाहेरचं मशीन बरोबर आमच्या बेडरूमच्या खिडकीशी आहे. रात्रभर घुं घुं घुं चालू असतं."

हा संकोच मला समजतो. एवढ्याशा आवाजाची तक्रार केली तर लोक आपल्याला चिडका म्हणतील, शेजाऱ्यांना वाटेल की यांना आमचं सुख बघवत नाही, अशी भीती असते. म्हणून माणूस महिनोन् महिने गप्प राहतो, कूस बदलत राहतो आणि शेवटी डॉक्टरकडे गोळी मागतो.

माझं मत स्पष्ट आहे. शेजारच्या एसीचा आवाज हा तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहे, पण त्याचा इलाज माझ्या प्रिस्क्रिप्शन पॅडवर नाही. तो बहुतेक वेळा त्या मशीनच्या स्टँडमध्ये, स्क्रूंमध्ये आणि जागेमध्ये असतो. तिथपर्यंत पोहोचायचं तर शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि ते लवकर बोलावं लागतं.

झोपेत कान बंद होत नाहीत

डोळे मिटले की दिसणं थांबतं. कानांना अशी पापणी नाही. तुम्ही गाढ झोपलेले असतानाही आवाज मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू त्याची दखल घेतो. आवाज पुरेसा मोठा किंवा अचानक असेल तर झोप उथळ होते, हृदयाचे ठोके थोडा वेळ वाढतात, रक्तदाब किंचित वर जातो. तुम्ही पूर्ण जागे होत नाही, त्यामुळे सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आठ तास अंथरुणात होतो, तरी अंग जड आहे.

"सवय होईल हो" असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. मनाला बऱ्यापैकी सवय होते, आवाजाकडे लक्ष जाणं कमी होतं. शरीराच्या आतल्या या प्रतिक्रिया मात्र तेवढ्या कमी होत नाहीत. ज्यांना आधीच ब्लड प्रेशर, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांची झोप सतत मोडणं मी म्हणूनच हलक्यात घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चांगल्या झोपेसाठी बेडरूमच्या आत सलग चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. ३० डेसिबल म्हणजे जवळपास कुजबुज.

एसीचाच आवाज एवढा का टोचतो?

रस्त्यावरून रात्रभर रिक्षा जातात, त्याचं काही वाटत नाही आणि एसीचं वाटतं, असं का? याला कारणं आहेत.

पहिलं, हा आवाज खालच्या पट्टीतला असतो. अशी घरघर भिंतीतून आणि बंद खिडकीतूनही बऱ्यापैकी आत येते. शिट्टीसारखा बारीक आवाज भिंत अडवते, ही घरघर तितकी अडवत नाही.

दुसरं, कंपन. रो-हाऊस किंवा जोडघरात दोन घरांची भिंत एकच असते. त्या भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर युनिट बसवलं की मशीनची थरथर थेट भिंतीत उतरते, आणि तुमच्या बाजूची अख्खी भिंतच आवाज करू लागते. उशीला कान लावला की आवाज वाढतो, असं कोणी सांगितलं की मला आधी हीच शंका येते. फ्लॅटमध्ये हीच गोष्ट डक्टमध्ये होते. चारी बाजूंच्या भिंतींवर आपटून आवाज घुमतो.

तिसरं, चालू-बंद होणं. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की बंद पडतो आणि थोड्या वेळाने धक्क्यासरशी चालू होतो. सलग आवाजापेक्षा हा बदल झोप जास्त मोडतो. काही जण तर आता चालू होईल, मग चालू होईल, याची वाट बघत जागे राहतात.

चौथं कारण मनाचं आहे. तुमचा स्वतःचा पंखाही आवाज करतो, पण त्याचं बटण तुमच्या हातात असतं. ज्या आवाजावर आपला काही ताबा नाही, आणि तो करणाऱ्याला आपली पर्वा नाही असं वाटतं, तो आवाज तेवढाच असूनही जास्त छळतो. राग आला की शरीर सावध होतं, आणि सावध शरीराला झोप येत नाही. म्हणजे अर्धी झोप मशीन घालवतं आणि अर्धी राग घालवतो.

गोळी का नको?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी झोप येईल, पण खिडकीबाहेरचं मशीन तसंच राहील. उन्हाळा चार महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात या गोळ्यांची सवय सहज लागते. मग एसी बंद झाला तरी गोळी सुटत नाही. वयस्कर माणसं रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात. घोरणाऱ्यांचा श्वास झोपेत अडखळत असेल, तर तो त्रास वाढू शकतो. घरातल्या दुसऱ्या कोणाची गोळी उचलून घेणं तर अजिबात नको.

शेजाऱ्याचीही बाजू आहे

इथे मी तुम्हाला थोडं थांबवतो. तुमच्या शेजाऱ्याने तुम्हाला त्रास द्यायला एसी घेतलेला नाही. आपल्याकडचा उन्हाळा, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातला, नुसता गैरसोयीचा नसतो. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, हृदयाचे आणि किडनीचे पेशंट यांच्यासाठी तो धोकादायक ठरू शकतो. पलीकडच्या घरात असं कोणी असेल, तर "रात्री एसी लावूच नका" ही मागणी मलाही मान्य होणार नाही.

पण शेजाऱ्यांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. एसी उष्णता नाहीशी करत नाही, ती घरातून उचलून बाहेर टाकतो, आणि सोबत आवाजही बाहेर टाकतो. ज्याच्याकडे एसी नाही त्याला खिडकी उघडी ठेवूनच झोपावं लागतं. त्याच उघड्या खिडकीतून तुमची गरम हवा आणि तुमची घरघर त्याच्या घरात जाते. खिडकी लावली तर तो उकडून जागा, उघडली तर आवाजाने जागा. आपला गारवा दुसऱ्याच्या झोपेच्या मोबदल्यात मिळत असेल, तर निदान मशीन नीट बसवणं आणि सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून मागणी "एसी बंद करा" अशी नसावी, "आवाज कमी करू या" अशी असावी. पहिल्या मागणीतून भांडण निघतं, दुसरीतून मार्ग.

बोलायला कसं जायचं?

आधी आठवडाभर नोंद ठेवा. आवाज किती वाजता येतो, सलग की चालू-बंद, घरघर की खडखड, कोणत्या भिंतीशी जास्त. आवाज नक्की कुठून येतो तेही बघा. कधी तो पाण्याच्या पंपाचा किंवा लिफ्टचा निघतो. कधी तो कानातलाच असतो. दुसऱ्या गावी, शांत खोलीतही तोच आवाज ऐकू येत असेल, तर शेजाऱ्याकडे नको, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

मग रविवारी सकाळी, चहाच्या वेळी जा. रात्री दोन वाजता रागाने बेल वाजवू नका, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. चारचौघांत अपमान झाला की माणूस बरोबर असलेली गोष्टही ऐकत नाही. "काका, तुम्हाला कल्पना नसेल, पण तुमच्या युनिटचा आवाज आमच्या बेडरूममध्ये येतो. एकदा येऊन ऐकता का?" एवढंच म्हणा. बऱ्याच जणांना खरोखरच माहीत नसतं, कारण बाहेरच्या युनिटचा आवाज त्यांच्या स्वतःच्या बंद खोलीत फारसा येत नाही.

त्यांनी ऐकलं की नेमकं काय करता येईल ते मांडा:

- सर्व्हिसिंग करून घेणं. कॉइलवर धूळ साचली की मशीनला जास्त वेळ आणि जास्त जोर लावून चालावं लागतं. सैल स्क्रू, वाकलेलं पंख्याचं पातं, ढिला पत्रा यांची खडखड मेकॅनिक एका भेटीत काढू शकतो.
- युनिटच्या पायांखाली रबराचे पॅड बसवणं. खर्च फार नसतो आणि भिंतीत उतरणारी थरथर कमी होते.
- युनिट सामाईक भिंतीवरून काढून जमिनीवर, गच्चीवर किंवा दुसऱ्या बाजूला हलवणं. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. कोपऱ्यात किंवा डक्टमध्ये मात्र तेवढा फायदा मिळत नाही.
- रात्री तापमान १८ ऐवजी २४ ते २६ ठेवून सोबत पंखा लावणं. कॉम्प्रेसरवरचा भार कमी होतो, वीजबिलही. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या रूम एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवलं जातं, ते उगीच नाही.
- नवीन घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर एसी. खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी करून चालत राहतो, त्यामुळे ते धक्के कमी होतात.

युनिटला चारी बाजूंनी प्लायवूड ठोकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हवा कोंडली की मशीन तापतं आणि आणखी जोरात चालतं.

पॅडचा किंवा युनिट हलवण्याचा खर्च अर्धा मी देतो, असं म्हणायची तयारी ठेवा. "मी का देऊ?" हा प्रश्न रास्त आहे. पण तुमची झोप त्या पैशांपेक्षा महाग आहे.

तोवर आपल्या घरात

पलंग सामाईक भिंतीपासून हलवा, निदान डोक्याची बाजू बदला. जमत असेल तर उन्हाळ्यापुरती झोपायची खोलीच बदला. खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावा. पंख्याचा एकसुरी आवाज एसीच्या चालू-बंदला थोडाफार झाकतो. फोमचे इअरप्लग वापरून बघा, पण कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर नको. भिंतीतून येणाऱ्या थरथरीवर त्यांचा उपयोग कमीच होतो.

नाहीच ऐकलं तर?

भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आधी सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज द्या, सोबत तुमची आठवड्याची नोंद जोडा. पोलीस सगळ्यात शेवटी. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा ढोबळ असतो, त्यावर भांडण उभं करू नका.

आणखी एक. डेसिबल मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत खालच्या पट्टीतल्या आवाजाला वजन कमी मिळतं. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही तुमची झोप मोडू शकते. "आकडा तर बरोबर आहे, तुम्हीच नाजूक" असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

माझ्याकडे कधी यायचं?

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नाही आणि हे तीन महिने चाललंय, एसी बंद असलेल्या रात्रीही झोप येत नाही, घोरणं मोठं आहे, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, ब्लड प्रेशर वाढलंय, किंवा मन सतत उदास आहे, तर नक्की या. तेव्हा कारण फक्त शेजारचा एसी नसतो. निद्रानाशावर गोळ्यांशिवायचे, वागणुकीतल्या बदलांचे चांगले उपचार आहेत.

बाकीच्यांनी या रविवारी शेजाऱ्यांकडे जाऊन या. आणि तुमच्याच घरी एसी असेल, तर आज रात्री तो चालू करून पाच मिनिटं बाहेर जा आणि शेजाऱ्याच्या खिडकीपाशी उभं राहून ऐका. बेल वाजवायची वेळ त्यांच्यावर का आणायची?