गॅस चेंबर ही उपमा नव्हे

आपल्या सभांमधून एक शब्द फार स्वस्त झालाय. गॅस चेंबर. वक्ता माइक धरतो, तापतो आणि जे दिसेल त्याला गॅस चेंबर म्हणून मोकळा होतो. टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेतनं विचारतो, बाबा रे, त्या चेंबरच्या दारापर्यंत माणसं वाहणाऱ्या गाडीचं भाडं कुणी भरलं, ते तुला ठावं आहे का?

ठावं नसेल तर क्लोद लान्झमानचा 'शोआ' बघ. १९८५ सालचा माहितीपट, साडेनऊ तासांचा. त्यात राउल हिलबर्ग नावाचा इतिहासकार एक कागद घेऊन बसलाय. जर्मन रेल्वेचं वेळापत्रक. गाडी ट्रेब्लिंकाला भरून जाणार, रिकामी परत येणार. कागदावर 'गुप्त' असा शिक्कासुद्धा नाही. भाडं माणशी, तिसऱ्या वर्गाचं, फक्त जाण्याचं. दहा वर्षांखालच्या पोरांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना फुकट. चारशे माणसं भरली की गटाची सवलत. पहारेकऱ्यांचं तेवढं जाऊन-येऊन. आणि पैसा? ज्यूंच्याच जप्त केलेल्या मालमत्तेतनं. मरणाऱ्यानंच आपल्या मरणाचं तिकीट काढायचं, आणि कारकुनानं ते नीट वहीत मांडायचं. ह्याला उपमा म्हणता?

वाल्टर स्टियर हा त्याच रेल्वेतला अधिकारी, खास गाड्यांचं काम बघणारा. तो म्हणतो, मी आपला टेबलाशी बसून असायचो, मला काय कल्पना. हा माणूस मला वर्दीतल्या खुन्यापेक्षा जास्त घाबरवतो.

फिल्म सोसायटीवाले नाक मुरडतात. म्हणे, ह्यात प्रेतं नाहीत, जुनी दृश्यं नाहीत, नुसती बडबड. अरे, प्रेतांची दृश्यं कुणी काढली ते तर विचारा! मे १९४२ मध्ये नाझींचे कॅमेरेवाले वॉर्सा घेट्टोत शिरले. उपाशी माणसं रस्त्यात मरून पडलेली, आणि ह्यांनी काही ज्यूंना चांगले कपडे चढवून मेजवानीला बसवलं, पुन्हापुन्हा तेच करायला लावलं. श्रीमंत ज्यू बघा कसा आपल्याच उपाशी भावाकडं ढुंकून बघत नाही, हे दाखवायचं होतं. जुलैत त्याच घेट्टोतनं ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुटायला लागल्या. फिल्म अर्धवट राहिली. पुढं कित्येक वर्षं तिचे तुकडे खरे म्हणून माहितीपटांतनं वापरले गेले. १९९८ साली उरलेली रिळं सापडली. त्यात एकच प्रसंग अनेकदा घेतलेला, आणि चौकटीत मधेच शिरलेला कॅमेरेवाला. याएल हर्सोन्स्कीनं २०१० मध्ये 'अ फिल्म अनफिनिश्ड' केली आणि घेट्टोतनं वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती रिळं दाखवली. मारणाऱ्यानं काढलेला मेलेल्याचा फोटो तुम्ही पुरावा म्हणून भिंतीवर लावता, तेव्हा मारणाऱ्याचा डोळाही भिंतीवर लागतो.

आणि आपलं सरकार तरी सगळं दाखवू देतं का? आलें रेनेचा 'नाइट अँड फॉग' १९५५ मध्ये झाला, ३२ मिनिटांचा. एका फोटोत कैद्यांच्या छावणीवर नजर ठेवणारा फ्रेंच पोलीस होता. सेन्सॉर म्हणालं, टोपी झाका. झाकली! जर्मन खुनी चालतील, आपली टोपी नको. त्यातल्या निवेदनात ज्यू हा शब्दही जवळजवळ येतच नाही. मार्सेल ओफुल्सनं १९६९ मध्ये फ्रान्सच्या हातमिळवणीवर मोठा माहितीपट केला, तर फ्रेंच टीव्हीनं तो १९८१ पर्यंत दाबून ठेवला. स्मारकाला हार घालायला मात्र सगळे पुढं.

आता लान्झमानशी माझं भांडण. अब्राहम बोम्बा न्हावी. ट्रेब्लिंकात गॅस चेंबरमध्येच बायकांचे केस कापायला लावलेला. लान्झमाननं इस्रायलमध्ये एक सलून भाड्यानं घेतलं, बोम्बाच्या हातात कात्री दिली आणि बोलतं केलं. सोबतच्या एका न्हाव्याची बायको नि बहीण आत आल्या, इथं बोम्बा थांबतो. तोंड पुसतो. नको म्हणतो. लान्झमान म्हणतो, बोलावंच लागेल. कॅमेरा बंद होत नाही. लोक ह्याला महान क्षण म्हणतात. मी म्हणतो, महान असेल, पण निर्दय आहे. टेपरेकॉर्डर घेऊन साक्षी गोळा करणाऱ्या पोरांनी हा भाग दोनदा बघावा. फ्रान्झ सुखोमेल ह्या एसएसवाल्याला लान्झमाननं नाव सांगणार नाही असा शब्द दिला, पैसे दिले, चोरून चित्रण केलं आणि नावही जाहीर केलं. त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. खुन्याला दिलेला शब्द आणि जखमी माणसावर केलेली जबरदस्ती एका तागडीत घालू नका.

दुसरं भांडण. साडेनऊ तासांत रोमा आणि सिंती लोकांना जागा नाही. नाझींनी त्यांचीही लाखोंनी कत्तल केली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑश्विट्झमधली त्यांची छावणी रिकामी केली, चार हजारांवर माणसं एका रात्रीत. पश्चिम जर्मनीनं त्याला वंशसंहार म्हणायला १९८२ उजाडलं. 'शोआ' ज्यूंबद्दल आहे, मान्य. पण मग त्याला सगळ्या स्मृतीचा शेवटचा शब्द म्हणून मिरवू नका. आठवणीतसुद्धा वरची आळी खालची आळी असते बघा.

तरी एक प्रसंग सांगतो, त्यासाठी लान्झमानला बाकी माफ. पोलंडातलं खेल्मनो गाव. इथं डिसेंबर १९४१ पासनं ज्यूंना बंद गाड्यांत धुरानं मारलं. किमान दीड लाख. वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. त्यातला सिमोन स्रेबनिक तेव्हा १३ वर्षांचा. आवाज गोड, म्हणून एसएसवाले त्याला होडीत गायला लावायचे. लान्झमान त्याला परत तिथं नेतो. चर्चपुढं गावकरी जमलेत, सणाचा दिवस आहे. ह्याच चर्चमध्ये ज्यूंना कोंडून ठेवत, गाड्या येईपर्यंत. गावकरी स्रेबनिकला ओळखतात, बघून खूश होतात, पोरगा जगला म्हणून. लान्झमान विचारतो, हे सगळं ज्यूंनाच का झालं? एकजण म्हणतो, ते श्रीमंत होते म्हणून. मग चर्चचा पेटीवाला पुढं सरसावून सांगायला लागतो, एका रब्बीनंच म्हणे सांगितलेलं, ख्रिस्ताचं रक्त आमच्या माथी आहे, तेच आता फिटतंय. गर्दी माना डोलावते. मधोमध स्रेबनिक उभा आहे, ओठांवर तसंच ताठ हसू. बोलत नाही.