बापूंचा रक्तदाब आणि आपला ताण

दरवर्षी २ ऑक्टोबरला सेवाग्रामच्या बापूकुटीत लोकांची रीघ लागते. त्यानंतर आठच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. वर्धा जिल्ह्यात हे दिवस सोयाबीन काढणीचे. पाऊस आडवा येईल का, भाव काय मिळेल, कर्ज कसे फिटेल, या प्रश्नांनी घरोघरी झोप उडालेली असते. अशा वेळी ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला फुकाचा ठरतो. ताण घ्यायचा की नाही, हे बहुतेकांच्या हाती नसतेच. त्याचे ओझे शरीरावर किती पडू द्यायचे, हे मात्र काही अंशी हाती असते.

याचे उदाहरण सेवाग्रामातच सापडते. गांधीजी १९३६ मध्ये येथे राहायला आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यानुसार २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता. १९ फेब्रुवारी १९४० रोजी तो २२०/११० होता. मिताहारी, निर्व्यसनी, रोज मैलोनमैल चालणाऱ्या माणसाचे हे आकडे आहेत. चांगल्या सवयी असल्या म्हणजे रक्तदाब वाढत नाही, हा समज येथेच गळून पडतो.

पण या नोंदींची दुसरी बाजूही आहे. रक्तदाब मोजला जात होता, हृदयाचा आलेख काढला जात होता आणि १९३७ च्या अखेरीस जुहूला जाऊन त्यांनी विश्रांतीही घेतली. एरवी आश्रमाची दिनचर्या ठरलेली होती: पहाटे व सायंकाळी प्रार्थना, फिरणे, सूतकताई आणि सोमवारचे मौन. विसाव्याला ‘वेळ मिळाला तर’ अशी अट नव्हती. त्याची वेळ दिवसातच राखून ठेवलेली होती.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने याला अर्थ आहे. संकटाची चाहूल लागताच ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. हृदयाची गती, रक्तदाब आणि रक्तातील साखर वर जाते. प्रसंग टळला की सारे पूर्ववत होते. चिंता मात्र महिनोनमहिने चालते आणि शरीराला उसंतच मिळत नाही. मग झोप उडते, पित्त वाढते, डोके व मान दुखते, चिडचिड होते. साध्या सवयींचे काम एवढेच, की शरीराला ही उसंत रोज मिळवून द्यायची.

त्यासाठी खर्च लागत नाही. झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. शेतात राबणाऱ्यांना वेगळ्या व्यायामाची गरज क्वचितच असते. त्यांना गरज असते ती दुपारच्या विश्रांतीची. दिवसातून दोनदा पाच मिनिटे शांत बसून श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवणे, हे आजच्या काळातले मौनच. संध्याकाळनंतर चहा टाळावा.

खर्ऱ्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. ‘टेन्शन’ उतरवण्यासाठी विदर्भात तो सर्रास तोंडात टाकला जातो. प्रत्यक्षात तंबाखूतील निकोटीन हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते. खर्रा खाल्ल्यावर जे बरे वाटते, ते बहुतांशी तलफ भागल्याचे समाधान असते. दारूचेही तसेच. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असली तरी ‘झोप यावी म्हणून’ पिणारे आहेतच. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि खिन्नता वाढते.

मात्र कर्ज, नापिकी किंवा घरातला छळ प्राणायामाने मिटत नाही. तेथे व्यवस्थेने आणि समाजाने पुढे यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने ते दाखवून दिले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. विचारपूस करणारे माणूस जवळ असले, की लोक बोलतात.

म्हणून सवयी आणि उपचार यांत निवड करायची नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि सुरू असलेल्या गोळ्या बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नयेत. उदासी, निद्रानाश, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो नुसता ताण समजू नये. घरातले कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि लगेच रुग्णालय गाठावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. मदत मागणे, हीसुद्धा स्वतःची काळजीच आहे.