पोरांना गाव नको, असं कोण म्हणतं?

पंचायतीत बोलतात, कातकऱ्यांची पोरं गावात टिकत नाहीत, फिरायची सवयच हाय त्यांना. सवय! गणपतीच्या सुमाराला घरातला तांदूळ संपतो, मजुरी मिळत नाय, तेव्हाच मुकादम उचल घेऊन दारात येतो. दिवाळी झाली की टेम्पो लागतो. नवराबायको, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं भट्टीवर. कुणी कोळशाच्या, कुणी विटांच्या. पोराचं नाव शाळेच्या पटावर, पोर भट्टीवर. पावसाच्या तोंडाला परत यावं तर उचल फिटलेली नसतेच.

चाकरमान्यांना कुणी असं बोलतं का? या जिल्ह्यातली किती घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली. त्यांचीही पोरं गेलीच की. पण मागे घर हाय, सातबाऱ्यावर नाव हाय. गणपतीला येतात, कुलूप उघडतात. आमच्या झोपडीखालची जमीन दुसऱ्याची. माघारी येईपर्यंत कुंपण पडलं तर विचारायचं कुणाला?

वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, आपल्या नावावर व्हायला पाहिजे. पण पडताळणीची माणसं उघडिपीत आली आणि वाडी रिकामी दिसली, तर शेरा काय पडणार? भट्टीवर गेलो की दावा पण गेला.

जाऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातली बारावी झालेली पोरंही लोट्याच्या कंपनीत कंत्राटावर लागायला बघतात. लागू देत. पण नावावर जमीन ठेवून जाणं वेगळं आणि उचलीच्या दाव्याला बांधून नेणं वेगळं. उचलीपायी माणूस डांबून राबवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा हाय. मुकादमाला हे तोंडावर सांगा.

आपल्याकडे सरकारी जंगल थोडं, डोंगर बहुतेक खाजगी. तिथल्या वाड्यांना वनहक्क लागत नाही. त्यांनी कुळकायदा धरायचा. दुसऱ्याच्या जागेत स्वतः घर बांधून राहणाऱ्या शेतमजुराला त्यात संरक्षण हाय.

दिवाळीच्या आधी, टेम्पो लागायच्या आधी, प्रत्येक वाडीत बसायचं. म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, तो आम्ही पोरं लिहून घेऊ. पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो, म्हणून बायांनीही यायचं. रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, फॉरेस्टवाल्यांनी पूर्वी केलेल्या दंडाची पावती, जे असेल ते काढून ठेवा. पावती फाटकी असली तरी टाकू नका.