पहिली पसंती कोणाची?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गुंजवणी खोऱ्यात पेढ्यांपाठोपाठ एक प्रश्न घरोघर फिरतो : ‘पोराला कुठं टाकायचं?’ विचारणारा बाप असतो. उत्तर देणारा मामा, चुलता, नाहीतर कंपनीत कामाला असलेला भावकीतला एखादा दादा. ज्याला टाकायचं तो उंबऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला. त्याला सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ‘बघा तुम्हीच’ म्हणून तो पुन्हा मान खाली घालतो. मग ठरतं ते तीन गोष्टींवर. टक्के किती पडले, मित्र कुठं चाललाय आणि सकाळची एसटी किती वाजता आहे.

यातल्या एसटीला मी हसणार नाही. आमच्या मार्गासनीतून एका अंगाला वेल्हे, दुसऱ्या अंगाला नसरापूर, आणि तिथून पुढं भोर, शिरवळ किंवा पुणं. पुणं म्हटलं तर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. पण साखर-गुंजवण्याकडच्या एखाद्या वाडीतली मुलगी आधी रस्त्यापर्यंत चालते, मग फाट्यावर थांबते, मग नसरापूरला गाडी बदलते आणि पुढं महामार्गावरची कोंडी तिची वाट बघतच असते. रोजचे चार-पाच तास रस्त्यात घालवून अभ्यास होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तेव्हा अंतर मोजलंच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की बहुतेक घरांत अंतराशिवाय दुसरं काहीच मोजलं जात नाही.

त्यात आता ऑनलाइनची भर पडली. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात एकाच केंद्रीय पद्धतीनं होऊ लागले. त्याआधी ही भानगड पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. खेड्यात शाळेत जाऊन फॉर्म दिला की काम व्हायचं. आता दहापर्यंत पसंत्या क्रमानं भरायच्या. आणि या फेऱ्या पडतात नेमक्या जून-जुलैत, म्हणजे आमच्याकडं भाताच्या लावणीत. बाप खाचरात चिखल तुडवतोय, त्याचा फोन बांधावर पिशवीत, तिथं रेंज नाही, आणि ओटीपी आलाय त्याच फोनवर. सेवा केंद्रात मुलीची आई खुर्चीच्या कडेवर टेकलेली. फॉर्म भरणारा पोरगा विचारतो, ‘मावशी, पहिलं कोणतं टाकू?’ ती म्हणते, ‘हिच्या मैत्रिणीनं टाकलंय तेच टाक बाबा.’

इथं नियम माहीत नसतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. आयटीआय आणि डिप्लोमाच्या प्रवेशांतही पहिल्या पसंतीला असंच वजन आहे. म्हणजे मैत्रिणीची पहिली पसंती आपल्या लेकीच्या गळ्यात दोन वर्षं, कधी कधी जन्मभर.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. ऐंशीच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि अगदीच तळाला आयटीआय. ही उतरंड कोणत्या शासन निर्णयात नाही, पण पाळली जाते ती वतनाच्या कागदासारखी. ‘ऐंशी टक्के पडलेत आणि आयटीआयला घालतोस? लोक काय म्हणतील!’ असं म्हणणाऱ्या काकांचा स्वतःचा बीए झालेला मुलगा शिरवळच्या पट्ट्यात ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून बारा तास उभा असतो, आणि त्याच्या ओळीतली मशीन दुरुस्त करायला येतो तो आयटीआयवाला. हे काकांना दिसतं, पण ते बोलत नाहीत.

सायन्सविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. डॉक्टरकी, औषधशास्त्राची किंवा शेतकीची पदवी, बीएस्सी नर्सिंग हे मनात असेल तर बारावी सायन्सला पर्याय नाही. पण इंजिनिअर व्हायचंय म्हणून अकरावी सायन्स घेणाऱ्या आमच्या पोरांचा हिशेब नीट मांडून बघा. बारावीबरोबर सीईटी आली. सीईटीसाठी क्लास आला. क्लास पुण्यात, म्हणजे खोली आली, डबा आला. शहरातल्या मुलानं आठवीपासून जे केलेलं असतं ते आमच्या मुलानं दीड वर्षात गाठायचं. याउलट दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो. त्याला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ पासून हेच काम करतंय. डिप्लोमा चांगला झाला तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तोही डिप्लोमाच्या गुणांवर. वर्षंही बारावीच्या वाटेएवढीच लागतात. शिवाय मधेच घरची परिस्थिती ढासळली तर हातात तीन वर्षांचं शिक्षण असतं. नुसती बारावी नसते.

आयटीआयचंही तसंच. बापाला वाटतं, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. प्रत्यक्षात दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून पुढं पदवीलाही. मधल्या काळात ॲप्रेंटिसशिप आहे. तिचा कायदा १९६१ चा, म्हणजे कंपनीनं शिकाऊ उमेदवार घ्यायचा आणि त्याला विद्यावेतन द्यायचं ही काही आजची टूम नव्हे. खेड-शिवापूरपासून शिरवळ-खंडाळ्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना जे कारखाने उभे आहेत, त्यांना फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट लागतात. इलेक्ट्रिशियनला दहावीचं गणित-विज्ञान लागतं आणि यादीही वरच्या गुणांवर बंद होते. वेल्डर, वायरमनला दहावीत अडलेलाही बसू शकतो. ट्रेडाट्रेडांत एवढा फरक असताना घरी सांगितलं जातं फक्त, ‘आयटीआयला टाकलाय.’ कशाला टाकलाय, हे सांगायला त्या घरात कुणाकडंच काही नसतं.

आता मुख्य मुद्द्याला येतो. फॉर्म भरण्याआधी मुलाला ते काम दाखवा. कॉलेजची इमारत, तिचं गेट, तिथलं गॅदरिंग बघून काही कळत नाही. ते शिकून पुढं जे काम करायचंय ते काम एक अख्खा दिवस बघू द्या.

नसरापूरच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक मोटार भरणारे आहेत. नदीवरच्या पंपाच्या मोटारी उन्हाळ्यात जळतात आणि त्यांच्या दुकानात रांग लागते. नववीच्या सुट्टीत एका पोराला त्याच्या चुलत्यानं तिथं नेऊन बसवलं. मोटार उघडली की आधी जळक्या वार्निशचा उग्र वास. उस्तादांनी जुनी कॉइल लगेच तोडली नाही. आधी तिचे वेढे मोजले, तारेचा गेज बघितला, जोडणी कुठून कुठं गेलीय ते वहीत चितारलं. मग खाचे खरवडून साफ केले, त्यात इन्सुलेशनचा कागद घातला, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळायला घेतली आणि पोराला सांगितलं, ‘मोज रे मोठ्यानं.’ मधेच पोराचा आकडा चुकला. उस्तादांनी सगळं उलगडलं आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. पोरगं म्हणालं, ‘काका, चार-दोन वेढ्यांनी काय होतंय?’ उस्ताद म्हणाले, ‘वेढे कमी पडले की मोटार जास्त करंट ओढती, तापती आणि परत जळती. गिऱ्हाईक मला शिव्या घालतं, तुला नाही.’ गणितात पस्तीसच्या आसपास घोटाळणारं ते पोरगं दुसऱ्या दिवशी आपणहून तिथं गेलं. आता इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला आहे. त्याच दुकानात त्याच्याबरोबर बसवलेला दुसरा मुलगा दुपारच्या जेवणाला घरी गेला तो फिरकला नाही. त्याचा दिवसही फुकट गेला, असं मी मानत नाही. दोन वर्षं आयटीआयच्या बाकावर घालवून जे कळलं असतं ते त्याला अर्ध्या दिवसात कळलं.

नर्सिंगचं वेड घेतलेल्या एका मुलीला असंच आशाताईंबरोबर पाठवलं होतं. रक्त, सुई, ताप याचं तिला काही वाटलं नाही. कंटाळा आला तो नोंदवह्यांचा! ताई हसून म्हणाल्या, ‘अगं, हे काम निम्मं वह्यांचंच आहे.’ तरी ती गेली नर्सिंगला, पण डोळे उघडे ठेवून गेली.

दहावीच्या मुलांची कल चाचणी शिक्षण मंडळानंच २०१६ पासून काही वर्षं घेतली. शेतीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रं होती त्यात. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या मुलानं आईबापाचं शेत, शाळा आणि मोबाईल याखेरीज काही पाहिलेलंच नाही, त्याचा कल प्रश्नपत्रिकेतून निघणार कसा? आधी चार कामांना हात लागायला हवा. आपल्याच जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो या विचारानं. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी जागा सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला. त्यांनी शाळेतल्या मुलांना आठवड्याचा एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, घर-आरोग्य असली कामं करायला लावली, आणि तीही खोटी खोटी नव्हेत, गावाला खरोखर लागणारी. पुढं २००२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅबही याच पाबळला आली. शिरूर तालुक्यात जमतं ते वेल्ह्यात का जमू नये? (कागदावर आता आमचा तालुका राजगड झालाय, पण जुनी खोड जात नाही.)

पहाटे वेल्ह्याच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. पोलीस भरती. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. जिद्दीची पोरं आहेत, कुणी त्यांची टिंगल करू नये. पण भरती निघेपर्यंत आणि निघाल्यावर लागेपर्यंत वर्षं जातात, जागा थोड्या, अर्ज ढिगानं. बारावीनंतर नुसतं पळत राहिलेला मुलगा पंचवीस-सव्वीसला घरी बसतो तेव्हा त्याच्याकडं उत्तम फुप्फुसं असतात, बाकी काही नसतं. पळू दे त्याला, पण एखादा ट्रेड हातात घेऊन.

आणि गडांचं काय? जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शनिवारी संध्याकाळी आमच्या फाट्यावरून गुंजवण्याकडं वळणाऱ्या गाड्या मोजत बसावं. आलेल्यांना जेवण लागतं, झोपायला स्वच्छ जागा लागते, वाट दाखवणारा लागतो. पण हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की आमच्याकडं ‘भांडी घासायला शिकायचं होय?’ असं विचारतात. मग पुण्याचा कुणी येऊन नदीकाठी तंबू ठोकतो आणि आमचं पोरगं त्याच्याकडं पगारावर चहा देतं.

मुलींच्या बाबतीत अडचण वेगळीच. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो, तोवर मुलगी शिकते. बारावीनंतर ‘आता कशाला लांब?’ सुरू होतं. खरं तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी आहे, प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. नेमकं हेच निकालानंतर गावात फिरणारा एजंट सांगत नाही. ‘आमच्याकडं सीट पक्की, फेऱ्यांच्या नादी लागू नका’ म्हणतो, आणि त्याच्या मागनं गेलं की माफी गेली. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा जाहिराती लावणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. नर्सिंगची संस्था असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण मंडळाच्या यादीत नाव आहे का, हे फोनवर पाच मिनिटांत बघता येतं. शुल्क माफ झालं तरी राहणं-खाणं उरतंच. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिची चौकशी कॉलेजात पहिल्याच आठवड्यात करावी.

हे सगळं अडतं ते शेवटी दाखल्यांवर. जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेअरचा, उत्पन्नाचा. दरवर्षी जूनमध्ये अख्खा तालुका एकदम वेल्ह्याला तहसीलसमोर उभा राहतो, सर्व्हर बंद पडतो, आणि वर पाऊस. मुलगा नववीतून दहावीत गेला की त्याच दिवाळीत जातीचा आणि रहिवासाचा दाखला काढून ठेवावा. जात पडताळणी लागणार असेल तर त्या कागदांचीही तेव्हापासूनच जमवाजमव करावी; सगळ्यांत वेळ तिलाच लागतो, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तेवढा आधी काढून उपयोग नाही. तो एप्रिलनंतर, नव्या वर्षाचाच लागतो.