टायर जाड की हवा जास्त?

दोस्तांनो, सायकलच्या चाकात हवा पुरेशी आहे का, हे तुम्ही कसं बघता? अंगठ्याने टायर दाबून! पटकन दबला तर हवा कमी, दबला नाही तर भरपूर. आमच्या भाईंदरच्या वर्गात हे बोलणं चाललं होतं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण टायरच जाड असला तर?"

शाबास! डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडतो, बरं का.

आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटेने बाहेर पडतो. ही वाट अडली की आतला दाब वाढतो. मग डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मरतात. हाच काचबिंदू. बहुतेकांना तो दुखत नाही की खुपत नाही. आधी कडेचं दिसणं कमी होतं, त्यामुळे लक्षातही येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने किंवा ऑपरेशनने राखता येते. म्हणून तो लवकर सापडायला हवा.

आता दाब मोजायचा कसा? स्वित्झर्लंडचे डॉक्टर हान्स गोल्डमान यांनी १९५० च्या दशकात एक उपकरण बनवलं. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकायचा आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, छोट्या टोकाने हलकेच सपाट करायचं. जेवढा जोर लागेल, त्यावरून दाब कळतो. अंगठा आणि टायरच की! रक्तदाबासारखाच हाही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. साधारण १० ते २१ हा नेहमीचा दाब.

या हिशेबात पारपटलाची जाडी सरासरी धरलेली आहे, सुमारे अर्धा मिलिमीटर. वहीची पाच-सहा पानं एकत्र धरा, जवळपास तेवढीच! पण सगळ्यांचं पारपटल सारखं नसतं. नागपूर भागातल्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढच्या ४,७०० हून अधिक लोकांची पाहणी झाली. तिथे सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. (१,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर.) सरासरी म्हटली की कुणाचं जाड, कुणाचं पातळ हे आलंच.

पारपटल जाड असेल, तर आकडा खऱ्या दाबापेक्षा जास्त येतो. पातळ असेल, तर कमी येतो आणि माणूस उगाच निर्धास्त राहतो. शिवाय डोळ्याचा दाब जास्त असलेल्यांपैकी पातळ पारपटलवाल्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका अधिक, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००२ मध्ये दिसलं. म्हणून डॉक्टर ध्वनिलहरींच्या यंत्राने जाडीही मोजतात. पण एवढ्यावर निकाल देत नाहीत. नस आणि कडेची नजरही तपासतात.

चष्मा घालवायला लेसर केलेल्या ताई-दादांनी तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं. लेसरने पारपटल पातळ होतं ना!

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरात कुणाला काचबिंदू आहे का, ते विचारा. आजोबांना असेल, तर बाबा, काका, आत्या यांनाही धोका जास्त. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना तपासणीला पाठवा.

आणि हो, अंगठ्याचा प्रयोग फक्त टायरवर करायचा, डोळ्यावर नाही!